विश्लेषण : आखाती ‘सांस्कृतिक’ जलपर्यटनात मोती दिसतात, पाणबुडे का दिसत नाहीत?

हिवाळा सुरू झाला की आखाती अरब देशांच्या बंदरांत क्रूझ जहाजांची वर्दळ वाढते. चार-पाच हजार प्रवाशांच्या तरंगत्या हॉटेलांच्या जोडीला आता ‘सांस्कृतिक एक्स्पिडिशन’ या नावाने लहान जहाजांच्या सहलीही येथे निघतात. ओमानमधील मस्कतहून निघून अमिराती, कतार, बहरीन करत कुवेतपर्यंत जाणारा हा मार्ग. माहितीपत्रकात मोती, लोबान, शिडाची गलबते आणि वाळवंटातील किल्ले असतात. हा मार्ग मात्र नवा नाही. १९८२ पर्यंत याच बंदरांना मुंबईहून प्रवासी बोट जात असे आणि तिच्या उघड्या डेकवर रोजगारासाठी निघालेली माणसे दाटीवाटीने बसलेली असत. त्या माणसांना आजच्या सांस्कृतिक सहलीत जागा आहे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

एक्स्पिडिशन क्रूझ म्हणजे काय?

नेहमीच्या क्रूझमध्ये जहाज हेच मुख्य आकर्षण असते. जलतरण तलाव, नाट्यगृह, खरेदी यांत दिवस जातो आणि बंदर ही काही तासांची उसंत असते. एक्स्पिडिशन जहाजावर साधारण शे-दोनशे प्रवासी असतात. पुरातत्त्वज्ञ, इतिहासाचे अभ्यासक, पक्षितज्ज्ञ सोबत असतात. संध्याकाळी व्याख्यान होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी भेट दिली जाते. जहाज लहान असल्याने उथळ खाड्यांजवळ जाता येते आणि रबरी बोटींतून थेट किनाऱ्यावर उतरता येते. तिकीट अर्थातच महाग असते. थोडक्यात, येथे विकली जाते ती मुख्यतः माहिती. म्हणूनच ती माहिती पुरी आहे की अर्धी, याला महत्त्व येते.

या मार्गावर पाहण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे. ‘आखातात वाळू आणि मॉल याशिवाय काय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा किनारा पाहिलेला नसतो. मस्कतच्या बंदरावर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले पहारा देतात. अल्बुकर्कने १५०७ मध्ये मस्कत घेतले. १६५० मध्ये ओमानी सैन्याने पोर्तुगीजांना तेथून हुसकावले. मधल्या काळात या किल्ल्यांचा कारभार गोव्यातून हाकला जात होता. पुढे सूर हे गलबते बांधणाऱ्या सुतारांचे गाव लागते. जवळच्या रास अल-जिंझ येथे हिरवी कासवे अंडी घालायला येतात आणि तेथेच उत्खननात सिंधू संस्कृतीची खापरे मिळाली आहेत. चार हजार वर्षांपूर्वी या दोन किनाऱ्यांत ये-जा होती, याचा तो पुरावा आहे.

मुसंदमच्या टोकाला डोंगर थेट समुद्रात उतरतात. तेथील एका खडकाळ बेटाचे नावच ‘टेलिग्राफ आयलंड’ आहे, कारण १८६०च्या दशकात ब्रिटिशांनी भारत आणि युरोप यांना जोडणाऱ्या तारेचे ठाणे तेथे काही वर्षे चालवले. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर सातव्या-आठव्या शतकातील ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. बहरीनमध्ये दिलमुन संस्कृतीची हजारो थडगी आहेत, त्यांचा २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटन व्हिसा खुला केल्यापासून दम्माम बंदरातून अल-अहसाच्या खजूरबागांकडेही जाता येते. कुवेतच्या फैलाका बेटावर दिलमुनचे अवशेष आणि ग्रीक वसाहत दोन्ही आहेत. १९९०च्या इराकी आक्रमणात हे बेट रिकामे झाले, ते पुन्हा पूर्वीसारखे वसलेच नाही.

मग अडचण कुठे आहे?

या साऱ्याची मांडणी बहुधा एकाच साच्यात होते. वाळवंटातील शूर अरब, त्याचा उंट, त्याचा ससाणा, त्याचे गलबत, मग तेल आणि मग गगनचुंबी शहर. राष्ट्र म्हणून वयाने लहान असलेल्या देशांना अशी सरळ कथा हवी असते, हे समजण्यासारखे आहे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि बहरीन हे आजच्या रूपातील देश १९७१ मधले. पण किनाऱ्याचा इतिहास इतका सरळ नाही.

दुबईच्या जुन्या वस्तीतील वातमनोरे घ्या. अरब वास्तुकलेची खूण म्हणून त्यांची छायाचित्रे काढली जातात. प्रत्यक्षात ही वस्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्शियन किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांची. इराणमधील जकातीला कंटाळून ते दुबईत आले. बस्तक या गावावरून वस्तीचे नाव बस्तकिया पडले आणि वारा खाली खेचणारे मनोरे ते सोबत घेऊन आले. सूरच्या गलबतांचे सागवान मलबारचे. मस्कतच्या बाजारातील जुन्या पेढ्या कच्छी भाटियांच्या. मनामातील श्रीनाथजी मंदिर सुमारे दोनशे वर्षांचे. हा किनारा अरबांचा होताच, तसाच तो पर्शियन, बलुची, आफ्रिकी आणि हिंदी माणसांचाही होता. ही सरमिसळ हाच त्याचा खरा वारसा आहे.

मोत्यांची कहाणी अर्धी का?

सर्वांत मोठी गाळणी मोत्यांच्या बाबतीत होते. तेलापूर्वी आखाताची अर्थव्यवस्था मोत्यांवर उभी होती. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने गलबते समुद्रात राहत. पाणबुडा नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधी आणि तळाशी जाऊन गळ्यातील जाळीत शिंपले भरी. वर दोर धरणारा जोडीदार त्याला ओढून घेई. दिवसभरात अशा कितीतरी बुड्या मारायच्या. गलबताच्या प्रमुखाला ‘नाखुदा’ म्हणत. कोकण किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ हा त्याच शब्दाचा भाऊ.

क्रूझवरील व्याख्यानात एवढे येते. पुढचा हिशेब मात्र अनेकदा गळतो. हंगामापूर्वी पाणबुडा घरखर्चासाठी नाखुदाकडून उचल घेई. हंगामाअखेर मिळालेल्या वाट्यातून ती फिटत नसे. कर्ज पुढच्या वर्षावर जाई आणि पाणबुडा मेला तर मुलांवर. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या नाखुदाकडे जाण्याची मुभा नसे. नाखुदा स्वतः व्यापाऱ्याचा देणेकरी आणि व्यापाऱ्याचे भांडवल अनेकदा मुंबईच्या सावकारी पेढ्यांचे. पाणबुड्यांमध्ये पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. बहरीनमध्ये १९२०च्या दशकात हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा कुठे पाणबुड्याला आपले देणे किती हे कळू लागले. जपानचे संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा बुडवला. १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागले आणि पुढची गोष्ट बदलली.

मोत्याच्या पेटीसमोर उभे राहून ही उचलीची साखळी सांगितली नाही, तर प्रवाशाला एक सुंदर वस्तू दिसते, संस्कृती दिसत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला तर ऊसतोड मजुरांच्या उचलीमुळे ही साखळी समजावून सांगण्याचीही गरज नाही.

मुंबईचा धागा कोणता?

आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. मोती येथे येत, येथे निवडले जात, भोक पाडून ओवले जात आणि मग पॅरिस-लंडनला जात. अरब व्यापाऱ्यांची घरे आणि पेढ्या मुंबईत होत्या. चलनही एकच होते. भारतीय रुपया आखातात सर्रास चाले. रुपयांच्या बदल्यात तेथून भारतात सोन्याची तस्करी होऊ लागली आणि परकीय चलनावर ताण आला, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन आणले. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईही बाजूला झाले. ओमानने १९७० मध्ये रुपया सोडला.

आणि ती बोट. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची जहाजे १८६०च्या दशकापासून मुंबई आणि आखाती बंदरे यांच्यात टपाल आणि माणसे नेत. कोकणातले खलाशी, गोव्याचे कारकून आणि आचारी, केरळचे मजूर याच मार्गाने गेले. ८ एप्रिल १९६१ रोजी यातील ‘दारा’ या जहाजावर दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ जणांचा जीव गेला. वादळामुळे जहाजाला घाईने बंदर सोडावे लागले होते. त्यामुळे प्रवाशांना निरोप द्यायला चढलेले लोकही जहाजावरच अडकले होते. या मार्गावरची शेवटची बोट ‘द्वारका’ १९८२ मध्ये बंद झाली, तोवर विमानाने तिची गरज संपवली होती. आज एक्स्पिडिशन जहाजावरून हेच पाणी ओलांडताना ‘दारा’चे नाव व्याख्यानात येते का, ही त्या व्याख्यानाची साधी परीक्षा ठरावी.

आजचे कामगार या चित्रात आहेत का?

आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. कतार आणि अमिरातीत तर दहातील जवळपास नऊ रहिवासी परदेशी आहेत. क्रूझवर ज्यांची आवर्जून भेट घडवली जाते ती अबू धाबीचे लूव्र (२०१७) आणि दोह्याचे राष्ट्रीय संग्रहालय (२०१९) ही जां नूव्हेल यांची दोन्ही शिल्पे दक्षिण आशियाई हातांनी उभी राहिली. लूव्र ज्या बेटावर आहे, त्या सादियातचा अर्थ ‘आनंदाचे बेट’. त्याच बेटावरील बांधकाम मजुरांच्या स्थितीवर, नोकरभरतीच्या कर्जावर आणि काढून घेतलेल्या पासपोर्टवर ‘ह्युमन राइट्स वॉच’ने २००९ मध्ये अहवाल काढला होता. त्यानंतर कायद्यांत सुधारणा झाल्या. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली. पण दलालाचे कर्ज घेऊन कामावर जाणारा मजूर आणि उचल घेऊन बुडी मारणारा पाणबुडा यांच्यातील साम्य नजरेआड करणे कठीण आहे.

या सहलींमुळे स्थानिकांना काय मिळते?

तेलावरचे अवलंबन कमी करण्यासाठी या देशांना पर्यटन हवे आहे. ओमानसारख्या तुलनेने कमी तेल असलेल्या देशाला तर ते अधिकच हवे. मात्र क्रूझ प्रवासी झोपतो आणि जेवतो जहाजावर, त्यामुळे बंदरातल्या गावाच्या हाती मार्गदर्शक, बोट आणि थोडी खरेदी एवढेच लागते. लहान जहाजाचे प्रवासी कमी आणि किनाऱ्यावर अधिक काळ थांबणारे असल्याने त्यांचा ताण कमी आणि उपयोग जास्त होऊ शकतो. त्यासाठी सूरच्या सुताराला पार्श्वभूमी म्हणून उभे न करता बोलते करावे लागेल. शिवाय हा धंदा नाजूक आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होताच क्रूझ कंपन्यांनी वेळापत्रके बदलली. होर्मुझची सामुद्रधुनी तर या मार्गाच्या ऐन मध्यावर आहे.

दुसरी बाजू दाखवणारी ठिकाणे आहेत का?

आहेत, आणि ती अरब देशांनीच उभारली आहेत, हे नमूद करायला हवे. बहरीनमधील मुहर्रकचा ‘मोतीमार्ग’ २०१२ पासून जागतिक वारसा आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या या वाटेवर श्रीमंत व्यापाऱ्याच्या वाड्याबरोबर पाणबुड्याचे साधे घरही जपले आहे. दोह्यातील बिन जलमूद हाऊस हे संग्रहालय तर थेट गुलामगिरीवर आहे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ पर्यंत कायदेशीर होती, हे तेथे लपवलेले नाही. आजच्या श्रमशोषणाकडेही ते संग्रहालय बोट दाखवते. आखाती सत्तांना प्रतिमा जपायची असते म्हणून अप्रिय इतिहास सांगताच येत नाही, हा युक्तिवाद या दोन ठिकाणी टिकत नाही. अडचण यजमान देशांइतकीच सहल आखणाऱ्यांची आणि प्रवाशांचीही आहे. मॉल आणि मशीद यांच्या मध्ये बिन जलमूदसाठी एक तास काढायचा की नाही, हे त्यांच्या हातात असते.

भारताने यातून काय घ्यावे?

मुंबईला देशाचे क्रूझ केंद्र करण्याच्या योजना होत असतात. त्यांत धक्के, टर्मिनल आणि प्रवासीसंख्या यांची चर्चा होते. पण आखातातून आलेल्या पाहुण्याला बंदरापासून झवेरी बाजारापर्यंत चालवत नेऊन ‘तुमचे मोती येथे ओवले गेले, तुमच्या नोटा आमच्या बँकेने छापल्या, आमची माणसे या धक्क्यावरून तुमच्याकडे आली’ असे सांगणारी वाट आखायला फार पैसा लागणार नाही. मुहर्रकने पाणबुड्याचे घर जपले. त्या घरावर चढलेल्या कर्जाचा दुसरा कागद मुंबईच्या पेढीत होता. तो कागद दाखवण्याची जबाबदारी अरबांची नाही, मुंबईची आहे.