माझे मत विचारले म्हणून

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या घरात आजवर माझे मत कोणी विचारले असेल तर ते भाजीत मीठ पुरेसे आहे का, एवढ्यापुरतेच. बैल ठेवायचा की विकायचा, विहिरीवरची मोटार कुठल्या कंपनीची घ्यायची, ताईचे लग्न कोठे जमवायचे, हे सारे आण्णा, चुलते आणि दादा ओट्यावर बसून ठरवीत आणि आम्ही बायका आतून ऐकत असू. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीअखेर चाकणहून दादाचा फोन आला आणि "तायडे, तू शिकलेली हाईस. आयफोन घेऊ का सॅमसंग, ते नीट बघून सांग," असे तो म्हणाला, तेव्हा मला आधी हसू आले आणि मग भीती वाटली. प्रश्न ऐंशी हजारांचा होता. एवढ्या किमतीची नवी वस्तू आमच्या घरात कधी आलेलीच नाही. मोटारसायकल आहे, पण तीही दुसऱ्याने वापरून दिलेली.

दादा आय. टी. आय. करून चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. चौघांत मिळून एक खोली, आणि हातात महिना सोळा हजार. फोन रोखीने घेण्याचा प्रश्नच नव्हता. चोवीस महिन्यांचे बिनव्याजी हप्ते, म्हणजे दरमहा सुमारे ३,३३० रुपये, असा त्याचा हिशेब. पगाराचा पाचवा हिस्सा दोन वर्षे एका फोनला!

येथे आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठी पडेल, हे मी जाणून आहे. "तुम्हा पोरांना फोनचे वेड लागले आहे," हे वाक्य आम्ही वर्गात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सरांची क्षमा मागून मला एक सांगावेसे वाटते. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, टेबलावर संगणक आहे आणि फॉर्म भरून द्यायला वडील आहेत, त्यांच्या हातातला फोन ही चैन असू शकेल. आमच्या घरी मी पहिलीच कॉलेजात आलेली. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, निकाल, सरांनी पाठविलेल्या टिपणांचे फोटो, एस. टी. चुकली तर घरी निरोप, हे सगळे एका फोनवर. माझे ग्रंथालय आणि माझी कचेरी तीच आहे.

२०२०-२१ साली मी दहावीत होते. शाळा बंद आणि घरात चालता फोन एकच, तोही दादाचा. वर्ग सुरू झाला की तो फोन माझ्या हातात देऊन दादा स्वतः रानात जाई. गच्चीच्या कठड्यापाशी उभे राहिले की आवाज येई आणि बसले की जाई, म्हणून भूमितीचे निम्मे वर्ग मी उभ्यानेच ऐकले. शेवटी २०२१ ची आमची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला. पण ते वर्ष दादाने माझ्यासाठी बिनफोनाचे काढले, हे मी विसरू शकत नाही. तेव्हा 'फोन म्हणजे उधळपट्टी' असे प्रवचन त्याला देण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. त्याने काय विचारले होते? दोहोंपैकी कोणता. म्हणून मी तेवढेच पाहायला बसले.

कॅन्टीनमध्ये या विषयावर दोन पक्ष केव्हाचेच आहेत. मौज अशी की दोन्ही पक्षांतील पुढाऱ्यांच्या खिशात दहा-बारा हजारांचे फोन. राजाचे भांडण प्रजेने लढावे तसे हे चालते! त्यांच्याकडून मला आवाजापलीकडे काही मिळाले नाही. तेव्हा कॉलेजच्या संगणकावर आठ दिवस बसून, दोन्ही कंपन्यांनी स्वतः दिलेली माहिती ताडून पाहिली आणि दोन ताव कागद भरले.

दादाच्या मनात होते ते फोन असे : सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला आयफोन १६ आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला सॅमसंग गॅलक्सी एस २५. बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत ७९,९०० आणि दुसऱ्याची ८०,९९९. त्यांच्याही वर 'प्रो' आणि 'अल्ट्रा' नावाची थोरली भावंडे आहेत. त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही.

पैशाला माल किती, या बाजारच्या न्यायाने पाहिले तर सॅमसंगचे पारडे सरळ जड. त्या किमतीत आयफोनात साठवणुकीची जागा १२८ जीबी, सॅमसंगमध्ये २५६. आयफोनच्या पाठीवर दोन कॅमेरे, सॅमसंगच्या तीन, आणि तो तिसरा तिप्पट जवळचे दाखविणारा. आयफोन १६ ला तसली दुर्बीण नाही. मात्र त्याचा मुख्य कॅमेरा चांगला आहे याविषयी दुमत नाही. पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने चित्र काढतो असे एक माप असते : आयफोन १६ चे ६०, सॅमसंगचे १२०. हा फरक डोळ्यांना जाणवतो असे म्हणतात. मला विचाराल तर गच्चीवर उभे राहून भूमिती शिकलेल्या माणसाला साठ पुरेत. वजन दोघांचे जवळपास सारखे. भरणीची वायर तीही आता एकच. युरोपने कायदा केला म्हणून २०२३ पासून आयफोनलाही सगळ्यांसारखेच तोंड आले. पण भिंतीत लावायचा चार्जर मात्र दोघेही डब्यात देत नाहीत! ऐंशी हजार घेऊन वायर तेवढी हातावर ठेवायची, या बाबतीत दोन्ही वैऱ्यांचे एकमत आहे.

आयुष्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. हप्ता दोन वर्षांचा असेल तर वस्तू निदान सहा-सात वर्षे टिकली पाहिजे. सॅमसंगने एस २५ ला सात वर्षे नव्या प्रणाली देण्याचे लेखी वचन दिले आहे. ॲपलने एवढा गाजावाजा केलेला नाही, पण २०१८ साली विकलेल्या आयफोन एक्सआरलाही २०२४ ची नवी प्रणाली मिळाली. म्हणजे एकाकडे वचन आहे आणि दुसऱ्याकडे केलेले काम आहे. येथे मी आयफोनला अधिक गुण दिले. शिवाय जुना आयफोन विकायला काढला तर भाव बरा येतो, हेही खरेच.

मग दुरुस्तीचे पाहिले. तालुक्याला फोन दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना मुद्दाम जाऊन विचारले. ते म्हणाले, "पोरी, सॅमसंगची काच मी दोन दिवसांत लातूरहून आणतो. आयफोन असला तर मी उघडीतच नाही, पुण्याला जा." दादा पुण्याजवळच राहतो हे खरे. पण सुटीवर आला आणि बैलगाडीच्या जूपाशी फोन पडला, तर?

मराठीच्या बाबतीत मात्र दोघांनीही निराशा केली. हल्ली फोन म्हणे स्वतः विचार करतो. आयफोन १६ ची ही बुद्धी ऑक्टोबर २०२४ मध्ये उगवली ती अमेरिकी इंग्रजी बोलतच. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये फोनवरचे बोलणे तिथल्या तिथे भाषांतरित करण्याची युक्ती आणली. त्या भाषांच्या यादीत पोलिश होती, थाई होती, हिंदी होती, मराठी नव्हती. आण्णांचे बोलणे भाषांतरित करायला ती यंत्रे टेकीला येतील म्हणा!

येथवर आले आणि माझी गाडी रुळावरून घसरली. या दोन कंपन्यांचे भांडण केव्हापासूनचे म्हणून पाहू लागले, तर ते कोर्टात सापडले. आमचा फोन पाहून तुम्ही तुमचा केलात, म्हणून ॲपलने एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत सॅमसंगवर दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरविली आणि पुढे अपिले होत होत २०१८ मध्ये तडजोड झाली. आता गंमत पाहा. हा दावा चालू असताना आयफोनच्या आतले कितीतरी भाग सॅमसंगच बनवून देत होती. आजही आयफोनचे बरेचसे पडदे सॅमसंगच्याच घराण्यातून येतात. आणि आयफोन १६ व एस २५ या दोघांचेही मेंदू घडतात ते तैवानातल्या एकाच कंपनीत. आमच्या भावकीत बांधावरून कोर्टात उभे राहणारे लोक पोळ्याला एकमेकांकडे जेवायला जातात, तसलाच हा प्रकार.

आणि हे फोन जुळवते कोण? तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर म्हणून गाव आहे. तिथे फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात आयफोन जुळविले जातात. कामाला बहुतांशी तरुण मुली, वसतिगृहात राहणाऱ्या. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या अन्नातून शेकडो मुलींना विषबाधा झाली, तेव्हा त्या मुली रस्त्यावर येऊन बसल्या आणि चेन्नईचा हमरस्ता अडला. कारखाना काही दिवस बंद राहिला. त्याच श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगचाही कारखाना आहे, फोनचा नव्हे, फ्रिज, टीव्ही आणि धुलाई यंत्रांचा. तिथले शेकडो कामगार ९ सप्टेंबर २०२४ पासून महिनाभराहून अधिक काळ संपावर होते. आमच्या संघटनेला मान्यता द्या, ही त्यांची मुख्य मागणी. ऑक्टोबरच्या मध्यात तो संप मिटला. दोन कंपन्यांची तुलना करायला निघालेली मी, आणि कामगाराच्या बाजूने पाहायला गेले तर दोघीही एकाच गावात भेटल्या. त्या वसतिगृहातल्या मुली माझ्याच वयाच्या. कॅन्टीनमधल्या दोन्ही पक्षांना ही माहिती मी सांगितली, तेव्हा क्षणभर शांतता झाली आणि मग कोणीतरी पुन्हा कॅमेऱ्याचा विषय काढला. दादाच्या कागदावर मात्र मी हे सविस्तर लिहिले. कंत्राटी कामगाराला त्याचा अर्थ माझ्याहून अधिक कळेल.

रात्री हिशेबाची वही काढून आणखी एक गणित मांडले, ते मांडायला नको होते असे आता वाटते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनला सरकारने ४,८९२ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला. त्या भावाने आयफोन म्हणजे सव्वासोळा क्विंटलांहून थोडे अधिक, आणि सॅमसंग साडेसोळा. आमच्या तीन एकरांत यंदा वीस क्विंटलही झाले नाही आणि जे झाले ते हमीभावाहून खाली गेले. पेरणीपासून मळणीपर्यंत आई-आण्णांचे चार महिने एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तळहाताएवढी काच.

तरीही मी कागदावर 'घेऊ नकोस' असे लिहिले नाही. दादाला आयफोनच हवा आहे हे मला त्याच्या आवाजावरून कळले होते. मागे एकदा तो तिकडच्या एका मोठ्या दुकानात नुसता पाहायला गेला होता. अंगात कारखान्याचा गणवेश होता. विक्रेत्याने फोन हातात दिला नाही, काचेआडूनच दाखविला. ही हकिकत त्याने हसत सांगितली, पण सांगितली दोनदा. माणूस ऐंशी हजारांचा फोन कॅमेऱ्यासाठी घेतो असे ज्यांना वाटते, त्यांना काचेआडून कोणी काही दाखविलेले नसावे.

माझे मत मी असे लिहिले : दोघांतला एक घ्यायचाच तर सॅमसंग. जागा दुप्पट आहे, वचन सात वर्षांचे आहे आणि काच लातूरला मिळते. आयफोन अधिक मानाचा असेल, पण तो मान चाकणच्या फाटकापर्यंत. गावात त्याला दुरुस्त करणारा कोणी नाही. आणि समासात, बारीक अक्षरात, न विचारलेले एक मतही लिहिले : तुझे सगळे काम वीस हजारांच्या फोनवर होईल, आणि उरलेल्या हप्त्यांत तुझा डिप्लोमा होईल.

दोन्ही ताव माझ्या फोनवर फोटो काढून पाठविले. संध्याकाळी दादाचा फोन आला. थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "सॅमसंग तर आमच्या मुकादमाकडं पण हाय गं." मी म्हटले, "मत विचारलंस, दिलं. पैसे तुझे." त्यावर तो हसला. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याची काच तडकलेली असल्याने कडेच्या ओळी त्याला वाचता आल्या नव्हत्या. "समासात काय लिहिलंस ते वाचून दाखीव," म्हणाला. मी वाचून दाखविले. "बरं," एवढेच तो म्हणाला आणि पाळीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

पाडव्याला तो घरी येणार आहे. आण्णांना किंमत अजून कोणी सांगितलेली नाही.