सेल्फ फिरतो, इंजिन स्टार्ट घेत नाही

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टला कोकण किनाऱ्यावरच्या घराघरांची नजर आपापल्या बोटीकडे लागते. यंदा आमची बोट मात्र जेटीलाच बांधलेली राहिली. बर्फ भरला होता, डिझेल भरले होते, तांडेल आणि खलाशी येऊन बसले होते. सेल्फ मारला की इंजिन फिरायचे, पण स्टार्ट घेत नव्हते.

बंदीच्या काळात आम्ही जुना डिझेल पंप काढून त्याच मापाचा, दुरुस्त केलेला दुसरा पंप आणला होता. बसवला आमच्याच धाकट्या भावाने. आता घरात पहिला निष्कर्ष काय निघणार? दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला! मोठ्या भाईंनी तर फोनवर त्याला नको नको ते सुनावले. पंप उतरवायला पाने बाहेर निघाले, इतक्यात चाचा आले. चाचांची उभी हयात इंजिनात गेली आहे. त्यांनी एवढेच विचारले, "धूर येतोय का रे?"

हा प्रश्न निम्मे काम करतो. सेल्फ मारताना धूर मुळीच येत नसेल तर बहुधा सिलिंडरमध्ये डिझेलच पोहोचत नाही. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. पुढची तपासणी त्यावरून ठरते.

आमच्याकडे धूर नव्हता. चाचांनी आधी इंजिन बंद करण्याचा लिव्हर पाहिला. पंप बदलल्यावर त्याची केबल ओढलेली राहिली तर लिव्हर 'बंद'मध्येच अडकतो. तो ठीक होता. मग एअर. पाइप उघडले की हवा शिरणारच. डिझेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळे पाइपात हवा असली की पंपाचा जोर तिलाच दाबण्यात जातो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हँडपंप मारायचा, बुडबुडे संपून सलग डिझेल आले की स्क्रू कसायचा. तसेच पंपावरच्या स्क्रूचे. शेवटी नोझलकडचे पाइपाचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल आले की घट्ट करायचे.

हे करताना भावाने गळती पाहायला बोट पुढे केले आणि चाचा ओरडले. नोझलचा फवारा कातडीतून आत घुसतो. बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत बोट सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, ताबडतोब मोठा दवाखाना गाठावा. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये त्याला गार होऊ द्यावे. ज्यांच्या सायलेन्सरमध्ये समुद्राचे पाणी सोडलेले असते त्यांनी तर अशा वेळी पाण्याचा कॉक बंदच ठेवावा आणि इंजिन लागताच उघडावा. नाहीतर ते पाणी साठून उलटे इंजिनात येते, आणि मग पंपाचे दुखणे बरे होते म्हणायची पाळी.

एअर निघाली आणि धूर आला. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा. इंजिन तरीही लागेना. "म्हणजे पंप डिझेल फेकतोय," चाचा म्हणाले. भाई गप्प.

आता राहिले टायमिंग. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो. फ्लायव्हीलवरची खूण मात्र दर फेऱ्याला समोर येते. एका फेऱ्यात पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो, दुसऱ्यात जळलेला धूर बाहेर टाकत असतो. खूण बघून फरक कळत नाही, टॅपेटचे झाकण काढावे लागते. खूण जुळलेली असताना पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने हलले पाहिजेत. आमच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सहाव्याचे हलत होते, पहिल्याचा ताणलेला होता.

"मी खूण जुळवली होती चाचा," भाऊ रडवेला झाला.

"जुळली होती बेटा, पण दुसऱ्या फेऱ्याची."

पंप अर्धा फेरा उलटा बसला होता. आम्ही कपलिंगचे बोल्ट काढले, पंप जागच्या जागी ठेवून इंजिन त्याच्या चालण्याच्याच दिशेने बारने पूर्ण एक फेरा फिरवले, रॉकर तपासले आणि बोल्ट कसले. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागले. तोवर असरची वेळ झाली होती आणि बर्फ निम्म्यावर आला होता. आणखी बर्फ उधारीवर घेऊन बोट रात्री सुटली.

भाईंनी दुकानदाराला पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज खाली होता. माफी मागितली. पलीकडून तो म्हणाला, "राहू द्या भाई. पुढच्या वेळी पंप उतरवायच्या आधी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून कपलिंगवर रंगाची रेघ मारा, आणि पंप बसेपर्यंत इंजिन कुणाला फिरवू देऊ नका. म्हणजे मला दोन्ही फोन येणार नाहीत."