माळ आणि ‘पडीक’ जमीन

सोलापूर परिसरातील बरीचशी माळराने सरकारी नोंदींत ‘पडीक’ ठरली आहेत. या एका विशेषणाने पुढचे पुष्कळ काही ठरते. पडीक जमीन ‘सुधारायची’ असते. म्हणून तिच्यावर गिरिपुष्पाची रोपे लावली जातात किंवा निवासी संकुलाची हिरवळ अंथरली जाते. त्या हिरवळीला उन्हाळ्यात टँकर लागतो, हे ओघाने आलेच.

भूदृश्यरचनेने येथे निराळी वाट धरावी, असे माझे मत आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही देशी गवते अवर्षणात तग धरतात, माती बांधून ठेवतात, पाणी जिरवतात. वणवा लागला तरी त्यांनी जमिनीखाली साठवलेला कार्बन बहुतांशी तेथेच राहतो. नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले, तरी आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. मराठीच्या अभ्यासकाने ‘माळढोक’ आणि ‘तणमोर’ ही नावे जरा निरखून पाहावीत: एकात माळ आहे, दुसऱ्यात तण. ही नावे देणाऱ्यांना माळ रिकामा दिसत नव्हता.

रचनाकाराने माळाचा सलग पट्टा गवतासह राखावा आणि झाडे ओढ्याकाठी लावावीत. त्यासाठी आराखड्यातील ‘मोकळी जागा’ ही नोंद मात्र आधी खोडावी लागेल.