पाँपेईचा राजमार्ग आणि मरामतीचे कर्तव्य

पाँपेई नगरीच्या फोरमपासून पूर्वेस सार्नो वेशीपर्यंत जाणारा व्हिया देल्लाब्बोंदान्झा हा राजमार्ग इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडला गेला. त्याच्या आरंभी यूमाकिया या पुजारिणीने बांधविलेली भव्य इमारत आहे आणि पुढे स्ताबियन स्नानगृहे आहेत. तथापि या मार्गाचे खरे वैभव मला दिसते ते स्तेफानुसच्या धुलाईखान्यात, रांजण बसविलेल्या खाणावळींच्या ओट्यांत, गाड्यांच्या चाकोऱ्यांत आणि दर्शनी भिंतींवर तांबड्या अक्षरांत रंगविलेल्या निवडणुकीच्या आवाहनांत. बूर्बों राजांच्या अमलात उत्तमोत्तम चित्रे भिंतींवरून कापून राजसंग्रहात नेली जात. उलट १९११ पासून व्हित्तोरियो स्पिनात्सोला यांनी येथील दर्शनी भिंती, सज्जे आणि वरचे मजले जागच्या जागी सावरीत उत्खनन केले, म्हणूनच एक सबंध रस्ता आपल्या दृष्टीस पडतो.

परंतु जे जागच्या जागी ठेवले, त्याचा सांभाळही तेथेच करावा लागतो. याच मार्गावरील एका घरात १९३८ साली सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती, जिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत, ती नेपल्सच्या संग्रहालयात निर्धास्त आहे. भिंतींना असा आसरा कोण देणार? १९४३ च्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालेली आणि नंतर काँक्रीटच्या जड छताखाली पुन्हा उभारलेली स्कोला आर्मातुरारुम ही इमारत ६ नोव्हेंबर २०१० रोजी मुसळधार पावसानंतर कोसळली, तेव्हा दुरुस्तीतील अविचार आणि नित्य देखरेखीची हयगय या दोहोंची किंमत साऱ्या जगाला कळून आली.

नगरीचा सुमारे एकतृतीयांश भाग अद्याप भूमिगत आहे, आणि तो उकरून काढण्याची उत्सुकता स्वाभाविक असली तरी ती आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उघड्या अवशेषांवर दाब देणाऱ्या मातीच्या कडा सुरक्षित करण्यापुरते खोदकाम अवश्य व्हावे. त्यापलीकडचे सारे थांबू शकते, कारण मातीखाली रंग आणि गिलावा अधिक सुखरूप राहतात. युरोपीय संघाच्या साह्याने २०१२ नंतर हाती घेतलेल्या मोठ्या प्रकल्पाने बरीच मरामत झाली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र प्रकल्पाची मुदत संपते आणि पाऊस दरवर्षी येतो. तेव्हा गवंडी, सुतार आणि भित्तिचित्रांचे जाणकार यांच्या कायम नेमणुकीची तरतूद प्रत्येक अंदाजपत्रकात व्हावी, आणि ती पुरेशी आहे अशी खातरजमा होईपर्यंत नव्या उत्खननास मंजुरी मिळू नये.