वाहत्या पाण्याची विद्या

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांचा नातू कोलाडास जाऊन कुंडलिका नदींत 'कयाक' नांवाची होडी चालविण्यास शिकूं इच्छितो. आजोबा रागावले आहेत, आई गप्प आहे, आणि निर्णयाचा भार आमच्यावर टाकण्यांत आला आहे. परक्या घरच्या वादांत पंच होणें आम्हांस रुचत नाहीं. तथापि हा प्रश्न आज अनेक घरीं उद्भवत असल्यामुळें चार शब्द लिहितों.

प्रथम ही होडी म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून एका माणसापुरती अरुंद, वरून झांकलेली नौका करीत. कयाक ती हीच. आतां ती बहुधा प्लास्टिकची असते. दोन्ही टोकांस पातें असलेलें वल्हें नाविक मारतो, आणि नौका उलटलीच तर पाण्याखालून अंगास हिसका देऊन ती पुन्हां सरळ करतो. फेसाळत्या पाण्यांतील ह्या नौकानयनाच्या शर्यती १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकांत प्रथम झाल्या. तेव्हां हा निव्वळ पोरखेळ नव्हे.

कुंडलिकेचें पाणीहि कांहीं निराळेंच आहे. मुळशी धरणाचें पाणी सह्याद्री उतरून सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथील वीजगृहांत येतें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. तेथून सुटलेलें पाणी कुंडलिकेस मिळतें, म्हणून उन्हाळ्यांतहि तिला धार असते. ज्या धरणाविरुद्ध सेनापति बापट १९२१ सालीं सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहांत लढले, त्याच धरणाच्या पाण्यावर आज मुलें होड्या घालतात, हा काळाचा महिमा!

आजोबांची भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजीं इंदोरीजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चौघे दगावले. परंतु ह्यांपैकीं कोणीहि नौका चालवीत नव्हतें. सारी मंडळी पाणी पाहावयास गेली होती. गुडघाभर पाणी पाहून आपण निर्धास्त होतों. पण एक घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलो असतें, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो, हें आपल्यापैकीं किती जणांच्या ध्यानीं असतें?

येथें आम्हांस आंबीचा एक पावसाळा आठवतो. शाळेंतून परततांना आमचा एक विद्यार्थी पाय घसरून इंद्रायणींत पडला. आम्ही कांठावर उभे. नद्यांचीं स्तोत्रें आम्हांस मुखोद्गत, पण पोहतां एक हातहि येत नव्हतें! तेवढ्यांत एक कातकरी तरुण धांवला. तो मुलाच्या दिशेनें गेला नाहीं. प्रवाहाबरोबर पुढें पळाला, एका मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यांत शिरला, आणि मूल वाहत जवळ येतांच त्यास हात देऊन आंत ओढलें. खडकामागें पाणी थबकतें, हें त्यास ठाऊक होतें. कयाकवाले वाटेंत विसांवा घेतात तोहि अशाच जागीं. त्या दिवशीं खरा पंडित कोण, हें आम्हांस कळलें. पुढच्या उन्हाळ्यांत चाळिशी उलटलेले आम्ही कमरेस भोपळा बांधून विहिरींत उतरलों. मुलें हंसलीं, हंसूं दिलीं.

सबब आमचें मत असें: नातवास जाऊं द्यावें, पण अटी घालून. आधीं उत्तम पोहतां यावें. मग संथ पाण्यांत जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीं उलटणें व सांवरणें घटवावें. अंगांत तरंगतें जाकीट व डोक्यास शिरस्त्राण असल्यावांचून होडींत बसूं नये; एकट्यानें कधींहि जाऊं नये; पुराच्या पाण्यास हात जोडावे. बंधाऱ्याखालचें पाणी वरून कितीहि सोज्वळ दिसो, तें मागें फिरून माणसास तेथेंच घोळवीत ठेवतें, म्हणून त्याच्या वाटेस जाऊं नये.

आणि आणखी एक. २००२ सालीं सात नाविक तिबेटांत ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाच्या भयंकर दरींत कयाक घेऊन उतरले. त्यांनीं मुद्दाम हिवाळ्याचें ओसरलेलें पाणी निवडलें होतें. आणि जेथें पाणी आटोक्याबाहेर दिसलें तेथें होड्या खांद्यावर घेऊन ते कांठाकांठानें चालत गेले. होडी खांद्यावर घेण्याची लाज न वाटणें, हा ह्या विद्येंतील पहिला धडा होय. नातवास तो पटला आहे कीं नाहीं, एवढें आजोबांनीं विचारून पाहावें.

मुलास पाण्यापासून दूर ठेवणें आपल्या डोळ्यांदेखत फार तर साधेल. पुढें तो आपल्या मित्रांसह पावसाळ्यांत कोठें उभा राहील, तें कोणीं पाहिलें आहे?