चकाकीआधी तळ जपा

बॉनेटच्या सिरॅमिक कोटिंगवर हजारो रुपये खर्च करणारे अनेक मालक गाडीचा तळ आणि दारांच्या आतली पोकळी विसरतात. हा क्रम उलटा आहे, विशेषतः कोकणात. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि खारी हवा असताना गंज बहुधा चकचकीत रंगावर सुरू होत नाही. तो चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, त्यांखालच्या पोकळ पट्ट्या आणि वेल्डिंगचे सांधे धरतो. तिथे चिखल साचतो, ओल टिकते आणि मिठामुळे गंज वेगाने पसरतो. बाहेरचा रंग फुगलेला दिसतो, तोवर आतला पत्रा बराच पोखरलेला असतो.

नव्या गाड्यांना कारखान्यातच संरक्षण मिळते, हे खरे. पूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात. पण उडालेल्या खडीने तळाच्या थराचे टवके निघतात आणि अपघातानंतर वेल्ड केलेल्या सांध्याला ते कवच पुन्हा मिळत नाही. तळाला घाईत मारलेले गंजरोधक कोटिंग ओल आतच कोंडते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तो कोटिंगविरुद्ध नसून निष्काळजी कामाविरुद्ध आहे. तळ धुऊन पूर्ण वाळवावा, सुटा गंज खरवडावा, पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत आणि पोकळ्यांत लांब नळीने मेणयुक्त द्रव फवारावा. गॅरेजने कामाआधीचे व नंतरचे फोटो द्यावेत, आणि ग्राहकाने ते आग्रहाने मागावेत. पत्रा गाडीतल्या माणसांना सांभाळतो. म्हणून खर्चाचा पहिला हक्क त्याचा आहे.