पहारेकऱ्याने घरच्यालाच धरलं!

दोस्तांनो, अँटिव्हायरस म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारेकरी. त्याच्याजवळ चोरांच्या खुणांची यादी असते. नवनवे व्हायरस निघतात, म्हणून यादीही सारखी बदलावी लागते. पण नव्या यादीतच चूक झाली तर?

२१ एप्रिल २०१० ला अगदी हेच झालं. मॅकॅफी कंपनीच्या ५९५८ क्रमांकाच्या यादीने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस ठरवली. ही तर विंडोजची घरचीच फाइल! नेटवर्कसारखी कितीतरी कामं तिच्या जिवावर चालतात. ती कोंडल्याबरोबर संगणक आपोआप बंद होऊन सुरू व्हायला लागले. परत बंद, परत सुरू! खरी पंचाईत पुढेच. कंपनीने दुरुस्त यादी लगेच काढली. पण नेटवर्कच बंद, मग ती पोचणार कशी? शेवटी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन हाताने फाइल परत बसवावी लागली.

तुमचा संगणक अपडेटनंतर रुसला, तर पकडलेल्या फाइली घाईने पुसून टाकू नका हं. त्या ‘क्वारंटाइन’ नावाच्या कोठडीत असतात. जाणत्या माणसाला नावं दाखवा. फाइल निर्दोष असेल, तर तिथून सोडवता येते. (आणि एका दारावर दोन पहारेकरी नकोत. ते एकमेकांवरच संशय घेतात!)